तापला की बंद पडणारा वीडर: दोष गार होण्याआधी पकडा

परतीचा पाऊस गेला, हळवं भात कापून झालं, की मुंबईतल्या गोराई-मनोरीच्या वाड्यांत मुळा, माठ, पालक यांचे वाफे करायची घाई उडते. आरेतल्या पाड्यांवरही तेच. चार महिने पडवीत ताडपत्रीखाली उभा असलेला पेट्रोलचा वीडर, म्हणजे तण काढून माती भुसभुशीत करणारं छोटं यंत्र, याच दिवसांत बाहेर निघतो आणि याच दिवसांत दगा देतो. सकाळी पहिल्याच दोरीला सुरू होतो, वीस-पंचवीस मिनिटं झकास चालतो, मग आचके देत बंद. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, पण तो दाद देत नाही. अर्ध्या तासाने मात्र जणू काही झालंच नाही असा सुरू.

गेल्या वर्षी माझा वीडर मी दोनदा तरीतून मार्वेला आणि तिथून टेम्पोने मालाडला नेला. गॅरेजात पोचेपर्यंत इंजिन थंडगार, पहिल्या दोरीला चालू. एकदा पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर बदलला, एकदा ठिणगी पाडणारा प्लग. वाडीत आणला की पुन्हा तेच रडगाणं. शेवटी एका दुपारी तो बंद पडल्या पडल्या मी टाकीचं झाकण फिरवलं आणि आत हवा ओढली गेल्याचा ‘सुस्स’ आवाज आला. झाकणातलं टाचणीएवढं भोक मातीने बुजलं होतं. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यावी लागते. ती वाट बंद झाली की पेट्रोल उतरायचं थांबतं. दोन वेळचा खर्च त्या एका भोकापायी झाला.

म्हणून कळकळीने सांगतो, इंजिन गार होऊ देऊ नका. बंद पडल्यापासून पहिल्या दोन-तीन मिनिटांतच दोष हाती लागतो. आधी झाकण, हळूहळू फिरवून. तोंड बाजूला ठेवा आणि जवळपास विडी-काडी नको. झाकण सैल करताच इंजिन सुरू झालं तर कारण सापडलं.

नाही झालं, तर झाकण घट्ट लावा, सांडलेलं पेट्रोल पुसा आणि ठिणगी बघा. खिशात एक जादा प्लग ठेवत जा. तापलेला प्लग काढायचा नाही. त्याची फक्त टोपी काढून जादा प्लगला लावायची, तो प्लग रबरी मुठीच्या पकडीने इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि दुसऱ्याला दोरी ओढायला सांगायची. सावलीत बघा, उन्हात ठिणगी दिसत नाही. इंजिन गरम असताना ठिणगी गायब आणि गार झाल्यावर हजर, असं असेल तर बहुधा प्लगला वीज पुरवणारी कॉइल गेली. आतली बारीक तार तापली की तुटते, गार झाली की पुन्हा जुळते. कॉइल दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. पण त्याआधी बंद करायच्या बटणाची वायर कुठे सोलून धातूला लागत नाही ना, ते बघा. आपल्या खाऱ्या हवेत ही जोडणी लवकर गंजते.

ठिणगी चांगली आहे, पण दोरी सकाळच्या मानाने ढिली लागते? मग बहुधा व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात हवा-धूर आत-बाहेर सोडणारी झडप, नीट बसत नाही आणि दाब निसटतो. टॅपेटमधलं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधलं, अंतर कमी झालं की तापून लांबलेला व्हॉल्व्ह थोडा उघडाच राहतो. बऱ्याच लहान इंजिनांत इनटेकच्या (आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हला ०.१५ आणि एक्झॉस्टच्या (धूर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हला ०.२० मिमी अंतर असतं. तुमच्या यंत्राचा आकडा त्याच्या पुस्तिकेत बघा. हे अंतर मात्र इंजिन पूर्ण गार असतानाच फिलर गेजने (मोजलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायचं.

पेट्रोलकडे जरा जास्तच लक्ष द्या. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल ओढून घेतं. मुंबईच्या दमट पावसाळ्यात जूनपासून टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल वापरूच नका. सायलेन्सर गार झाल्यावर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि उजेडात धरा. तळाशी वेगळा थर किंवा मण्यासारखे थेंब दिसले, तर टाकी पूर्ण रिकामी करून ताजं पेट्रोल भरा.

इंजिन हवेवर गार होतं, तेव्हा दोरीच्या झाकणामागच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या मोकळ्या हव्यात. माझ्या वीडरमध्ये भाताच्या पेंढ्याचा आणि चिखलाचा सुकून घट्ट झालेला थर निघाला होता. लाकडी काडीने आणि ब्रशने काढा. तापलेल्या इंजिनावर बादलीभर पाणी ओतू नका. धातूला तडा जाऊ शकतो. चोक अर्धवट राहिला नाही ना, एअर फिल्टर चोंदला नाही ना, तेही बघा. ऑइल कमी झालं किंवा बांधावर यंत्र कललं, तर काही इंजिनं स्वतःहून बंद होतात, तेव्हा पातळी सपाट जागेवर तपासा.

माल वाहायला एटीव्ही (जाड टायरची छोटी चारचाकी) वापरणाऱ्यांनीही याच क्रमाने जावं. पाण्यावर गार होणारं इंजिन असेल, तर रेडिएटरचा पंखा फिरतो का ते आधी बघा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

यातून काही सापडलं नाही आणि गॅरेजला न्यावंच लागलं, तर कागदावर लिहून न्या: किती मिनिटांनी बंद पडलं, तेव्हा ठिणगी होती का, झाकण उघडल्याने फरक पडला का, किती वेळाने पुन्हा सुरू झालं. आणि तिथे अर्धा तास चालवून, तापवून मगच तपासायला सांगा.