पऱ्हाटी पेटवण्यापूर्वी : जमिनीतील कोळसारूपी कर्बाविषयी फेब्रुवारी-मार्चचा सल्ला

नागपूर जिल्ह्यातील काटोल, सावनेर, हिंगणा या पट्ट्यात कपाशीची उलंगवाडी (शेवटची वेचणी) झाली की उपटलेल्या पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग धुऱ्यावर लागतात आणि बहुतेक ठिकाणी ते तसेच पेटवले जातात. गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र तोडण्यासाठी पऱ्हाटी शेतात ठेवू नये, हे योग्यच आहे; परंतु उघड्यावर जाळल्याने काडीतील बहुतांश कर्ब आणि नत्र हवेत निघून जातो व हाती केवळ राख उरते.

तीच काडी कमी हवेत जळाली, तर तिच्यातील बराच कर्ब कोळशाच्या रूपाने मागे राहतो. त्याची रचना इतकी घट्ट असते की जिवाणूंना तो सहज फोडता येत नाही आणि त्याचा मोठा भाग मातीत शेकडो वर्षे टिकतो. जगभरातील माती नमुन्यांच्या नोंदी एकत्र करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेंद्रिय कर्बापैकी सरासरी सुमारे १४ टक्के कर्ब आगीतून आलेला आढळला. आपली जमीन काळी आहे म्हणून तिच्यात कर्ब भरपूर आहे, असा समज मात्र करून घेऊ नये.

कोळसा करण्यासाठी वर रुंद व तळाशी निमुळता खड्डा घ्यावा, पूर्ण वाळलेली पऱ्हाटी भरून ती वरून पेटवावी, आणि वरच्या काड्यांवर पांढरी राख धरू लागताच पुढचा पातळ थर टाकत जावे. किडकी बोंडेही याच आगीत टाकावीत. शेवटी भरपूर पाण्याने विझवावे. नुसती माती लोटल्यास आतला विस्तव धुमसत राहतो. वारा असताना, ठिबकच्या नळ्यांजवळ, संत्र्याच्या बागेलगत किंवा रामटेक-पारशिवनीकडील जंगलाच्या कडेला हे काम मुळीच करू नये. सगळी काडीही कोळशात घालवू नये, कारण जमिनीतील जिवाणूंचे पोट कुजणाऱ्या पालापाचोळ्यावरच भरते.

ताजा कोळसा थेट शेतात न टाकता बारीक करून शेणखतात मुरवावा. आपल्या चुनखडीयुक्त जमिनींचा सामू (पीएच) आधीच जास्त असतो आणि कोळसाही बहुधा अल्कधर्मी असतो. म्हणून पहिल्या वर्षी एक-दोन गुंठ्यांवरच प्रयोग करून शेजारी तेवढाच पट्टा कोळशाविना राखावा.

माती परीक्षणात खरी अडचण येते. सेंद्रिय कर्ब मोजण्यासाठी प्रयोगशाळांत रूढ असलेल्या वॉकले-ब्लॅक या रासायनिक पद्धतीत कोळशातील कर्ब पूर्णपणे मोजला जात नाही, त्यामुळे कोळसा टाकूनही अहवालात अपेक्षित वाढ दिसत नाही. एकूण कर्ब मोजायचा असल्यास चुनखडीतील कर्ब आम्लाने आधी काढावा लागतो, हे नमुना देतानाच प्रयोगशाळेला सांगावे. उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांतून कोळशाचे कण खोल जात असल्याने ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटीमीटर खोलीचे नमुने वेगळे घ्यावेत, आणि पिशवीवर गट क्रमांक, खोली व कोळसा टाकल्याची तारीख लिहावी. पहिला नमुना कोळसा टाकण्यापूर्वीच घेऊन ठेवावा. तो नसेल तर पुढच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.