आपल्या उपनगराचा इतिहास कसा शोधावा: कर्कवूडच्या निमित्ताने

मी सेंट लुईसजवळच्या कर्कवूडमध्ये राहते. अमेरिकेतल्या असल्या छोट्या गावांना कसला आलाय इतिहास, असं आपली मंडळी सर्रास म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही.

आधी गाव इथेच का वसलं ते पाहा. मिडवेस्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागात, उत्तर बहुतेकदा रेल्वेपाशी सापडतं. 1849 मध्ये सेंट लुईसला कॉलऱ्याची साथ आली, त्याच वर्षी मोठी आगही लागली. ऐपतदार लोक शहराबाहेर जागा शोधू लागले. 1853 मध्ये पॅसिफिक रेलरोड इथवर आला आणि त्याचे मुख्य अभियंता जेम्स कर्कवूड यांचं नाव गावाला मिळालं. 1893 चं दगडी स्टेशन आजही उभं आहे, गाडीही थांबते.

मग घराच्या कागदांकडे वळा. खरी माहिती तिथेच आहे. सातबाऱ्याचे जुने फेरफार काढतो तसं, आजच्या मालकापासून एकेक खरेदीखत धरून मागे जायचं. काउंटीचं (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं) नोंदणी कार्यालय जवळच्या क्लेटन गावात आहे. पण 1876 मध्ये सेंट लुईस शहर काउंटीपासून वेगळं झालं, म्हणून त्याआधीच्या व्यवहारांसाठी शहराच्या कार्यालयात विचारा.

खरेदीखतातल्या अटी शेवटपर्यंत वाचा. 1948 पूर्वीच्या कित्येक कागदांत, घर कृष्णवर्णीयांना विकू नये, अशी अट असते. न्यायालयांनी ती राबवू नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा 1948 चा 'शेली विरुद्ध क्रेमर' निकाल सेंट लुईसमधल्याच एका घरावरून लागला. संस्थापकांची नावं कुठेही मिळतील. कोणाला बाहेर ठेवलं, ते मात्र इथेच कळतं.

गावाची हद्द केव्हा वाढली, तेही बघा. मीचम पार्क ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कर्कवूडमध्ये आली. पुढे तिथली बरीच घरं पाडून मोठी दुकानं उभी राहिली. तिथल्या जुन्या रहिवाशांशी बोलल्याशिवाय गावाचा इतिहास लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

सॅनबर्न कंपनीने आगविम्यासाठी काढलेले जुने नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. त्यांत गुलाबी रंग म्हणजे विटांचं बांधकाम, पिवळा म्हणजे लाकडी. जनगणनेच्या याद्या 72 वर्षांनी खुल्या होतात. 1940 च्या यादीत घर मालकीचं की भाड्याचं, तेही लिहिलेलं आहे.

शेवटी स्थानिक इतिहास मंडळात जा. आमच्याकडचं मड्स ग्रोव्ह या जुन्या घरात आहे. जाताना प्लॉट आणि ब्लॉकचा नंबर लिहून न्या, कारण घरांचे नंबर मधल्या काळात बदललेले असू शकतात.