धीर देण्याआधी नाव विचारा

शोकात असलेला माणूस समुपदेशनासाठी पहिल्यांदा समोर येऊन बसला की मी आधी गेलेल्या माणसाचं नाव विचारते. फॉर्मवर लिहिलेलं असलं तरी विचारते. 'तुमचे मिस्टर', 'तुमचे वडील' असं आपण मोघम बोलत राहिलो की समोरचाही मोघमच बोलतो. नाव उच्चारताना मात्र त्याचा आवाज बदलतो. मग हळूच पुढचा प्रश्न: 'घरात त्यांना काय म्हणायचात?' इथे बहुतेक जण रडतात. रडू द्यावं. टिश्यूचा डबा हाताशी असावा, पण तो लगबगीने पुढे सरकवू नये. 'आता पुसा' असाच त्याचा अर्थ होतो.

'वारले', 'गेले', 'ऑफ झाले' यांपैकी समोरचा जो शब्द वापरेल तोच आपण वापरायचा. अपवाद लहान मुलांचा. त्यांना 'झोपले' किंवा 'लांब गेले' सांगितलं तर मूल झोपायला घाबरतं, नाहीतर दाराकडे डोळे लावून बसतं. 'आजोबा मेले, म्हणजे त्यांचं शरीर कायमचं थांबलं, आणि ते तुझ्यामुळे झालं नाही,' असं सरळ सांगावं. हे शेवटचं तर मुलाने विचारलं नाही तरी सांगावं.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात मी एका बाईंना नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार हे पाच टप्पे कागदावर बाण काढून समजावले. स्वतःवर खूशही होते. पुढच्या भेटीत त्यांनी तो कागद पर्समधून काढला आणि म्हणाल्या, 'मला राग आलाच नाही. माझं काही राहतंय का?' नवरा गेल्याच्या दुःखात मी त्यांना परीक्षेचीही धास्ती लावली होती. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं ते वेळापत्रक नव्हतंच. तो कागद मी पुन्हा कुणाला काढून दिला नाही.

त्यापेक्षा शोकाचे अभ्यासक मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांची १९९९ ची मांडणी मला रोजच्या कामात जास्त उपयोगी पडते. त्यांच्या मते माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांच्यात हेलकावे खात असतो आणि दोन्हीकडे जाणं गरजेचं असतं. म्हणून मी दर भेटीत दोन प्रश्न विचारते: या आठवड्यात सगळ्यात जड वेळ कुठली गेली, आणि विसर कधी पडला? दुसऱ्या प्रश्नावर लोक कानकोंडे होतात. एका गृहस्थांनी, ऑफिसात कुणाच्या तरी विनोदावर हसू आलं, हे गुन्हा कबूल करावा तसं सांगितलं होतं.

अपराधीपणाशी वाद घालू नये. 'मी त्या रात्री फोन उचलायला हवा होता,' असं कुणी म्हटलं की 'तुमची काही चूक नाही हो' हे आपल्या तोंडावर येतंच. ते गिळायचं. घरच्यांकडून त्याने ते इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याला त्यात 'आता हा विषय पुरे' एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी त्या रात्रीकडे घेऊन जावं. किती वाजले होते? तुम्ही कुठे होतात? फोन वाजला तेव्हा काय वाटलं? त्या क्षणी तुम्हाला काय माहीत होतं, आणि काय नंतर कळलं? हा शेवटचा फरक त्याचा त्याने पाहावा लागतो. कधी चार भेटी जातात. आणि कधी खरंच काहीतरी चुकलेलं असतं. तेव्हा उगाच निर्दोष ठरवू नये, 'त्यांना आज काय सांगावंसं वाटतं?' असं विचारावं.

कपडे, चष्मा, फोन यांची आवराआवर करायला आपण सुचवू नये. बायकोचा नंबर बंद पडू नये म्हणून रिचार्ज करत राहिलेला नवरा मी पाहिलाय. मी त्याला थांबवलं नाही.

काही दुःखांना भेटायलाच कुणी येत नाही: गर्भपात, घटस्फोटित जोडीदाराचा मृत्यू, लपवलेलं नातं, पाळलेलं कुत्रं. तिथे 'हे आणखी कुणाला माहीत आहे?' हा प्रश्न फार मोठा आधार ठरतो.

आता, कुठे एकट्याने पुढे जाऊ नये ते. 'त्यांच्याकडे जावंसं वाटतं' हे पुष्कळ जण म्हणतात, म्हणून कानाआड करू नका. 'स्वतःला संपवण्याचा विचार येतो का?' असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. कसं आणि कधी हे ठरलेलं असेल तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. छातीत दुखत असेल तर 'मनाचंच आहे' म्हणू नका. जबर धक्क्याने हृदयाचा स्नायू खरोखर तात्पुरता कमजोर पडू शकतो, त्याला टाकोत्सुबो म्हणतात. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत दीर्घ शोकाच्या, म्हणजे न ओसरता जगणं अडवून धरणाऱ्या दुःखाच्या, निदानासाठी किमान ६ महिने धरले आहेत, तर डीएसएम या अमेरिकी मनोविकार निदान-पुस्तिकेच्या २०२२ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी १२. मी आकड्याआधी हे बघते: आंघोळ, काम, माणसांशी बोलणं काही थोडं तरी सुरू झालंय का?

गेलेल्या माणसाचा मृत्यूनंतरचा पहिला वाढदिवस आणि पहिलं वर्ष या तारखा डायरीत नोंदवून ठेवा. पुष्कळांना त्या दिवसापेक्षा आधीचा आठवडाच जड जातो, म्हणून भेट तारखेच्या आधीची द्या.