'टेक' म्हणजे 'घेणे' पाठ केलंय? मग या चुका टाळा

अमळनेरला बारा वर्षं झाली स्पोकन इंग्लिशचे क्लास घेतोय. पहिल्या दिवशी नवीन बॅचला विचारतो टेक म्हणजे काय, अख्खी खोली एका सुरात ओरडते, "घेणे!" तिथंच घोळ सुरू होतो.

मराठीत आपण काय काय घेतो बघा, गाडी घेतो, प्लॉट घेतो, मनावर घेतो, उखाण्यात नाव पण घेतो. पैसे मोजून आणलं तरी घेतलंच. टेकला पैशाशी काही देणंघेणं नाही, त्याचं काम हाताशी. मुळात हा शब्द इंग्रजांचा नाहीच. 9व्या शतकात व्हायकिंग लोक इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात येऊन राहिले, त्यांचा शब्द 'टाका', अर्थ हातात धरणे. (आपल्याकडं टाका म्हणजे फेका, त्यांच्याकडं धरा!) इंग्रजांचा स्वतःचा 'निमन' होता, त्याचा भाऊ 'नेमन' जर्मनमध्ये अजून चालतो, पण पाहुण्या टेकनं घरच्यालाच बाहेर काढलं. निमनची आठवण म्हणून 'नम' उरला, बधिर. म्हणजे ज्याची संवेदना कोणीतरी काढून घेतलीय तो.

आता हे कशाला सांगतोय, तर आमचा एक पोरगा एमआयडीसीत इंटरव्ह्यूला गेला. साहेबांनी सहज विचारलं कसा आलास, हा म्हणे बाइकवर, आणि फुशारकीत जोडलं, "आय टुक माय नेबर्स बाइक". शेजाऱ्याची जुनी बाइक त्यानं रोख पैसे देऊन विकत घेतली होती हो! साहेब म्हणे, त्याला माहितीये का? हा म्हणे, येस सर, नाऊ इट इज माइन. साहेब हसत होते आणि हा घरी येऊन मला सांगतोय, सर, इंटरव्ह्यू एकदम भारी झाला. पैसे दिले असतील तर 'बॉट', बस. मी अजूनही पोरांना खिशावर हात ठेवून वाक्य बोलायला लावतो, पाकीट उघडलं तर बॉट, नुसता हात पुढं केला तर टुक. येडपटासारखं दिसतं पण डोक्यात बसतं.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक ब्रिंग आणि टेकची. मराठीत घेऊन ये, घेऊन जा, दिशा 'ये' नि 'जा' सांभाळतात. इंग्रजीत ते काम दोन वेगळी क्रियापदं करतात. बोलणाऱ्याकडं किंवा ऐकणाऱ्याकडं यायचं असेल तर ब्रिंग, तिसरीकडं न्यायचं असेल तर टेक. आईनं घरात उभं राहून शेतात डबा पाठवला तर टेक, बाबांनी शेतातून फोन करून मागवला तर ब्रिंग, डबा तोच. माझी सवय, आधी अहिराणीत म्हणा, लई ये का लई जाय? तिथं कोणी चुकत नाही. पण पोरांना लाज वाटते, अहिराणी बोललं तर इंग्रजी बिघडेल म्हणे. अरे भो, उलट सुधरतं!

बाकी किरकोळ. 'डिड यू टुक' नाही, डिड आलं की टेक. 'आय हॅव टुक' पण नाही, टेकन. पाहुण्याला 'टेक प्लेस' म्हणू नका, त्याचा अर्थ घडणे, बसायला 'टेक अ सीट'. 'डोन्ट टेक टेन्शन' आपल्यात चालतं, बाहेरच्याला 'डोन्ट वरी' म्हणा. परीक्षा आपण देतो, पण इंग्रजीत विद्यार्थी टेक करतो, 'गिव्ह' मास्तर करतो, हे उलटं आहे ते उलटंच पाठ करा.

आणि ते टेकचे शंभर अर्थ एका दिवसात शिकवणारे पीडीएफ मला फॉरवर्ड करू नका, तीन अर्थ पण वापरून बघितलेले नसतात कोणी. त्यातल्याच एकात लिहिलेलं, 'टेक अ डिसिजन' चूक, 'मेक'च बरोबर. ब्रिटिश लोक टेक सर्रास वापरतात. मी पण वापरतो.