जागलीवर पाठ झालेलं सामान्य ज्ञान

पोलीस भरतीच्या पहिल्या लेखीत मी दोन मार्कांनी राहिलो. ग्राउंड झकास गेलं होतं. गणितात नेहमीची बोंब होती, तिचं दुःख नव्हतं. माती खाल्ली ती सामान्य ज्ञानात, तीही ज्या प्रश्नांवर मी पैज लावली असती त्यात. गाईड चुलतभावानं वापरून दिलेलं, पाठीला डिंक लावलेलं. त्यात महाराष्ट्राचे जिल्हे ३५ होते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होऊन ते ३६ झाले, हे त्या गाईडाला कोण सांगणार? राष्ट्रीय खेळ हॉकी, हेही त्यात छातीठोक छापलेलं. माहिती अधिकारातल्या एका अर्जाला उत्तर देताना केंद्र सरकारनं २०१२ मध्येच सांगितलं आहे की असा कोणताही खेळ जाहीर केलेला नाही.

म्हणून गावाकडून नव्यानं तयारीला लागणाऱ्या पोरापोरींना पहिली गोष्ट हीच सांगतो. जुनं गाईड फुकट मिळालं तरी दोन ठिकाणी उघडून बघा. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं का? चित्ता अजून 'भारतातून नामशेष' एवढ्यावरच थांबलाय का? १९५२ मध्ये तो नामशेष जाहीर झाला हे खरं, पण १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणून सोडले. ही दोन पानं जुनी निघाली तर ते गाईड चूल पेटवायला ठेवा.

दुसरी गोष्ट मला शेतात कळली. आमच्याकडे हरभरा वर आला की रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप उतरतो, एका रात्रीत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत साफ. त्यामुळे जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, जावंच लागतं. त्या हिवाळ्यात मी माळ्यावर बसून, बॅटरी तोंडात धरून पाठांतर करायचो. एकदा मोठ्यानं वाचलं, "नीलगाय." खाली शेकोटीपाशी बसलेले बाबा म्हणाले, "गाय म्हनतेत ना हिले? मंग हिचं दूध कोन काढते?"

हसलो, पण मग शोधत बसलो. रोही ही गाय नाही, कुरंग (इंग्रजीत अँटिलोप) आहे, आशियातलं सगळ्यात मोठं. चितळ, सांबर ही खरी हरणं. त्यांच्यात नराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी फुटतात. रोही, काळवीट, चौसिंगा यांची शिंगं एकदा आली की जन्मभर. गाईडात या सगळ्यांना मिळून 'हरीण' एवढा एकच शब्द होता. बाबांच्या त्या एका प्रश्नानं माझ्या डोक्यात पाच प्राण्यांची वर्गवारी कायमची बसली. याद्या घोकून आठ दिवस टिकायचं नाही, ते असं टिकलं.

तेव्हापासून लांबची गोष्ट जवळच्या गोष्टीला बांधायची सवय लावली. उद्योगधंद्याचा भाग मला कोरडा वाटायचा. पण कापसाच्या घरातला मी, एम्प्रेस मिल कशी विसरेन? जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपुरात गिरणी टाकली, कारण कापूस इथला आणि रेल्वेही इथवर आलेली. १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. सन आणि नाव दोन्ही एका दमात पाठ.

सनाचीही खुंटी करता येते. १९५२ म्हटलं की चित्ता, आणि त्याच वर्षी हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला २०२४ उजाडलं, पॅरिसमध्ये नेमबाज स्वप्निल कुसळे. १९६० म्हटलं की आपलं १ मे. त्याच्या दहाच दिवस आधी, २१ एप्रिलला, ब्राझीलनं राजधानी रिओहून ब्राझिलियाला नेली. राजधान्यांचे प्रश्न बहुतेक असेच फसवतात, कारण मोठं शहर आणि राजधानी एकच असं आपण धरून चालतो. ऑस्ट्रेलियात सिडनी आणि मेलबर्न यांचं जमेना, म्हणून मधे कॅनबेरा हे नवंच शहर वसवलं. १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेलं आणि आता हिवाळी अधिवेशनापुरतं जागं होणारं नागपूर बघत वाढलेल्याला हे भांडण वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

खेळात सनाचा एक सापळा आहे. टोकियो ऑलिम्पिकचं नाव २०२०, पण नीरज चोप्राचा ८७.५८ मीटरचा भाला पडला तो ऑगस्ट २०२१ मध्ये. हांगझोऊ आशियाई स्पर्धेचं नाव २०२२, भरली २०२३ ला. नागपूरच्या ओजस देवतळेनं तिरंदाजीत तीन सुवर्णपदकं मिळवली ती तिथेच. प्रश्नात 'कोणत्या वर्षी झाली' आहे की 'कोणत्या वर्षाची' आहे, हे दोनदा वाचा.

सिनेमावर फार वेळ घालवू नका. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा मूकपट, 'आलम आरा' १९३१ चा पहिला भारतीय बोलपट, 'अयोध्येचा राजा' १९३२ चा पहिला मराठी बोलपट, ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय भानू अथय्या. बाकी प्रश्न येतील तेव्हा येतील.

राज्य लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) पूर्व परीक्षेला बसणार असाल तर चार चुका एक बरोबर उत्तर खातात, तेव्हा 'वाचल्यासारखं वाटतं' यावर गोल काळा करू नका. माझं तरी निम्मं वाटल्यासारखंच असायचं. राज्यप्राणी म्हटलं की हात आपोआप वाघाकडे जायचा. शेकरू हे उत्तर बसायला दोन चाचण्या गेल्या.

तिसऱ्या प्रयत्नात वनरक्षक झालो. निकालाचा कागद बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "म्हंजे आता ते रोही तुह्या खात्याचीच ना? मंग आवर तिले."