अक्षरं आणि अंक अडणाऱ्या मुलाला कसं शिकवावं

दुसरी-तिसरीत गेलं तरी मूल वाचत नसेल, तर बहुतेक ठिकाणी त्याला पुन्हा 'अ'पासून बाराखडी गिरवायला बसवतात. जे एकदा जमलं नाही तेच, त्याच क्रमाने. हा क्रम मोडायला हवा.

सुरुवात डोळे आणि कान तपासण्यापासून करा. फळा न दिसणारं मूलही वर्गात 'ढ' ठरतं. मग अक्षरकार्डं विस्कटून दाखवा. 'क का कि की' घडाघडा म्हणणारी बरीच मुलं सुटं 'की' ओळखत नाहीत. जेवढं ओळखलं, तिथून पुढे चला.

आता चारच अक्षरं घ्या: क, म, ल, न. जोडीला फक्त काना. एवढ्यावर काका, मामा, नाक, कान, मका, लाल, कमल असे शब्द होतात आणि 'काकाला काम, मामाला मका' अशी ओळही वाचता येते. आपण वाचू शकतो हे मुलाला लवकर कळणं फार गरजेचं आहे. नवीन अक्षर आलं की ते रव्याच्या ताटात बोटाने काढायचं आणि काढतानाच त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा.

सारखी दिसणारी अक्षरं एकत्र शिकवू नका. घ-ध, भ-म, थ-य, ब-व यातलं एक पक्कं झाल्याशिवाय दुसरं आणायचं नाही. वेलांटीत दुसरी आधी घ्या. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते, पण तिचा उच्चार अक्षरानंतर होतो. डावीकडून एकेक खूण वाचणारं मूल तिथे हमखास अडखळतं. रफार सगळ्यात शेवटी.

अंकांचं काम वहीआधी हातात. खराट्याच्या काड्या घ्या, दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा बांधा. ३२ मधून ७ काढायचे असतील तर सुट्या दोन काड्या पुरत नाहीत. गठ्ठ्याचा रबर मुलालाच काढू द्या. आता बारा सुट्या काड्या झाल्या. त्यातल्या सात बाजूला ठेवल्या की दोन गठ्ठे आणि पाच काड्या उरतात. हे बरेचदा केल्यावरच वहीत हातच्याची वजाबाकी मांडा. ३ आणि ६ एकमेकांचे आरशातले रूप आहेत, म्हणून त्यांच्या सरावात काही दिवसांचं अंतर ठेवा.

मराठी संख्यानामं हा वेगळाच अडथळा. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहितं. 'एकोणपन्नास'मध्ये पन्नास ऐकून ५९ लिहितं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा मोठा वाद झाला. माझं मत असं की, अडणाऱ्या मुलासाठी 'वीस पाच' हा चांगला पूल आहे: गठ्ठे दाखवत आधी 'वीस पाच' म्हणायचं, लगेच 'पंचवीस' म्हणायचं. सरावाने पहिलं आपोआप गळतं.

रोज दहा-पंधरा मिनिटं पुरेत. जमलेल्या गोष्टीवर थांबा. सगळ्या वर्गासमोर उभं करून वाचायला लावू नका. त्या भीतीने येत असलेलंही विसरतं.

एवढं करूनही फरक दिसत नसेल तर शाळेमार्फत तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना गाठा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीचाही, समावेश आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तपासणीला जाताना मुलाच्या जुन्या वह्या न्या आणि त्यात काही खोडू नका. कोणती अक्षरं उलटतात, कोणते अंक फिरतात, हे त्या पानांवरूनच तज्ज्ञांना कळतं.