व्हीएफडी घेताना एचपीला एचपी जुळवताय? या चुका टाळा

व्हीएफडी म्हणजे मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. त्याच्यावरून परवा परत तोच फोन. "भाऊ, मोटर १५ एचपीची, ड्राइव्ह पण १५ एचपीचाच घेतलाय, तरी ट्रिप होतोय." मी विचारलं नेमप्लेटवर अँपिअर किती? तर म्हणे ते बघितलंच नाही. अरे पण ड्राइव्ह करंट देतो, त्याच्यावर लिहिलेला एचपी फक्त अंदाजासाठी असतो. ४१५ व्होल्टची १० एचपीची चार पोलची साधी मोटर फुल लोडला साधारण १४-१५ अँपिअर घेते, बोअरमधली सबमर्सिबल तेवढ्याच एचपीला त्याच्याहून जास्त घेते, सहा-आठ पोलच्या मोटरीचं पण तसंच. म्हणून आधी अँपिअर, मग एचपी.

आणि दुसरं, लोड कसला आहे ते. एकाच ड्राइव्हला दोन रेटिंग असतात, नॉर्मल ड्यूटी आणि हेवी ड्यूटी. नॉर्मलला साधारण ११० टक्के ओव्हरलोड एक मिनिट, हेवीला १५० टक्के एक मिनिट. पंप-फॅनला नॉर्मल चालतं, क्रशर, कन्व्हेयर, उसाचा चरक यांना अजिबात नाही.

कोल्हापूरकडच्या एका गुऱ्हाळावर हेच झालं होतं. चरकाला १५ एचपीची सहा पोलची मोटर, प्लेटवर २३ अँपिअर, आणि दुकानदाराने स्वस्तातला २४ अँपिअरचा नॉर्मल ड्यूटीवाला दिलेला. रिकामा चरक मस्त फिरायचा, जाड मोळी आत गेली की ड्राइव्ह बंद. मी पोचलो तेव्हा काहिलीत रस अर्धाच, खाली चुलवाण पेटलेलं, गुळव्या डोक्याला हात लावून बसलेला आणि दोन पोरं पट्टा हाताने उलटा ओढून अडकलेला ऊस काढतायत. तोपर्यंत कुणीतरी अ‍ॅक्सिलरेशन टाइम वाढवून बघितला होता, करंट लिमिटशी पण खेळून झालं होतं. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती लावून करंट मोजायचा) लावला तर मोळी चावताना ३२-३३ अँपिअर. २४ वर ११० टक्के म्हणजे साडेसव्वीस, कसा टिकणार? हेवी ड्यूटीला २५ अँपिअरवाला बसवला, त्याला साडेसदतीसपर्यंत मिनिटभर जागा मिळते, सीझन निघाला. पहिल्यांदाच दहा मिनिटं थांबून लोड मोजला असता तर एका ड्राइव्हचे पैसे वाचले असते, पण लोकांना आज घेऊन आजच चालू करायचं असतं.

माझी सवय सांगतो: सगळ्यात जड लोडला, ड्राइव्हच्या आउटपुटला, ट्रू आरएमएस (वाकडीतिकडी वेव्ह पण बरोबर मोजणारा) क्लॅम्प लावायचा आणि आकडा पॅनेलच्या दारावर आतून मार्करने लिहायचा. इनपुटला मोजू नका, स्पीड कमी असला की तिकडे करंट कमीच दिसतो. आणि मोटर रिवाइंड झाली असेल तर जुन्या प्लेटवर विसंबू नका.

"मग सरळ डबल साइज घेतो" हे पण मला पटत नाही. एक साइज वर ठीक, पण मोटरचा रेटेड करंट पॅरामीटरमध्ये भरला नाही तर मोठा ड्राइव्ह मोटर जाळेपर्यंत करंट देत राहतो.

स्टार-डेल्टा स्टार्टर काढून ड्राइव्ह लावताय? ४१५ डेल्टाची मोटर असेल तर लिंक (मोटरच्या टर्मिनलवरच्या पट्ट्या) डेल्टात लावा, स्टारमध्ये राहिली तर टॉर्क एक तृतीयांश.

सिंगल फेज सप्लायवर थ्री फेज ड्राइव्ह चालवायचा असेल तर साधारण दुप्पट साइज धरा, आणि मॅन्युअल परवानगी देतं का ते आधी वाचा.

विदर्भातला उन्हाळा आणि बंद पत्र्याचा डबा, तिथे डीरेटिंगचा (गरमीत ड्राइव्हचा करंट किती कमी धरायचा त्याचा) तक्ता बघितल्याशिवाय ऑर्डर नको.

केबल लांब असेल, ५० मीटरच्या पुढे, तर ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये आउटपुट चोक (कॉइल) बसवा.

मोटरजवळचा कपॅसिटर काढून टाका.

आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावायच्या आधी मोटरच्या तिन्ही वायरी ड्राइव्हवरून सोडा, नाहीतर मेगरच्या ५०० व्होल्टने नवा ड्राइव्ह जातो, वॉरंटी पण मिळत नाही.